कर्करोग गोळीला दाद देईनासा होतो तेव्हा

सांताक्रूझ पूर्वेला वाकोला, गोळीबार, कालिना या पट्ट्यात एखाद्याचा खोकला दोन-तीन आठवडे थांबला नाही, की डॉक्टरांच्या मनात पहिले नाव येते ते टीबीचे. ते योग्यच आहे. मुंबईत टीबी इतका आहे की तो आधी तपासलाच पाहिजे. अडचण पुढे सुरू होते. एक्स-रेवर डाग दिसतो, थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी ‘टीबीच असणार’ म्हणून औषधे चालू होतात आणि वजन उतरतच राहते. दोन-तीन महिने असे गेल्यावर सीटी स्कॅन होतो, सुईने तुकडा काढला जातो आणि रिपोर्टवर ‘ॲडिनोकार्सिनोमा’ हा शब्द येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा हा आपल्याकडे सर्वाधिक आढळणारा प्रकार. यातल्या अनेकांनी आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावलेला नसतो, त्यामुळे घरच्यांचा विश्वासच बसत नाही.

ग्लोबोकॅन या आंतरराष्ट्रीय नोंदीनुसार २०२२ साली भारतात या कर्करोगाचे सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आढळले. बहुतेकांचा आजार निदानाच्या वेळी फुप्फुसाबाहेर पसरलेला असतो, त्यामुळे शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अशा रुग्णाला केमोथेरपीशिवाय देण्यासारखे फारसे काही नव्हते. आज विशिष्ट जनुकीय बदलावर नेम धरणाऱ्या गोळ्या आहेत, म्हणजे टार्गेटेड थेरपी. शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारी इंजेक्शने आहेत, म्हणजे इम्युनोथेरपी. काही रुग्ण या उपचारांवर वर्षानुवर्षे कामावर जातात, नातवंडांना शाळेत सोडतात. पण गोळी सुरू झाल्यानंतर काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी बहुतेक घरांत एक प्रश्न उभा राहतोच: ‘आतापर्यंत औषध लागू पडत होते, मग आता काय बिघडले? पथ्य चुकले का?’

पथ्य चुकलेले नसते. हा लेख त्या प्रश्नाविषयीच आहे. त्याचे एक महत्त्वाचे उत्तर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात मिळाले, म्हणून तो मुंबईच्या वाचकाला सांगायला हवा.

आधी ही गोळी काय करते ते पाहू. पेशीच्या आवरणावर ‘ईजीएफआर’ नावाचे एक प्रथिन असते. बाहेरून वाढीचा संदेश आला की ते आतल्या यंत्रणेला ‘विभाजन कर’ असे सांगते. संदेश संपला की गप्प बसते. काही रुग्णांच्या कर्कपेशींत या प्रथिनाच्या जनुकात बदल झालेला असतो. त्याला म्युटेशन म्हणतात. दारावरच्या बेलचे बटण आत अडकून बसावे आणि दारात कोणी नसतानाही बेल वाजत राहावी, तशी मग या पेशीची गत होते. हे बटण चालते ते एका खाचेत येऊन बसणाऱ्या ऊर्जेच्या रेणूवर. गेफिटिनिब ही गोळी नेमकी त्या खाचेत जाऊन बसते आणि बेल बंद पाडते.

गंमत अशी की गेफिटिनिब बाजारात आधी आली आणि ती कुणाला लागू पडते हे नंतर कळले. जपानमध्ये तिला २००२ साली आणि अमेरिकेत २००३ साली परवानगी मिळाली. काही रुग्णांच्या गाठी पाहता पाहता विरघळत आणि इतरांना काहीच गुण येत नसे. २००४ साली अमेरिकेतल्या दोन गटांनी कोडे सोडवले: ज्यांच्या गाठीत ईजीएफआरमध्ये बदल आहे, त्यांनाच गोळी लागू पडते. मग पूर्व आशियातल्या १,२१७ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयपास’ चाचणीने हे पक्के केले. ज्यांच्यात बदल होता, त्यांचा आजार गोळीवर सरासरी साडेनऊ महिने आटोक्यात राहिला, तर केमोवर सव्वासहा महिन्यांच्या आसपास. ज्यांच्यात बदल नव्हता, त्यांचा आजार गोळीवर जेमतेम दीड महिन्यात वाढला. केमोवर त्याच रुग्णांना साडेपाच महिने मिळाले.

हा दुसरा आकडा घरोघरी माहीत असायला हवा. शेजारच्या काकांना गोळीने बरे वाटले म्हणून आपल्या बाबांनाही तीच सुरू करावी, असा आग्रह अजूनही होतो. तपासणीशिवाय दिलेली गोळी निरुपद्रवी नसते. ती रुग्णाचे चार महिने खाऊन टाकू शकते.

आपल्याकडे हा बदल किती जणांत सापडतो? टाटा स्मारक आणि खारघरच्या त्याच्या संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली ९०७ भारतीय रुग्णांच्या तपासण्या प्रसिद्ध केल्या. त्यांत २३ टक्के रुग्णांत ईजीएफआरचा बदल होता. युरोपीय वंशाच्या रुग्णांपेक्षा हे प्रमाण जास्त आहे, पूर्व आशियाई रुग्णांपेक्षा बरेच कमी. थोडक्यात, चारातल्या जवळपास एकाला गोळीचा मार्ग मोकळा असतो. आणखी थोड्या जणांत ‘अल्क’ नावाच्या जनुकात फेरबदल असतो. त्यांच्यासाठी वेगळ्या गोळ्या आहेत आणि त्यांचे निकाल थक्क करणारे आहेत. लॉर्लाटिनिब या गोळीवर असलेल्या अल्क रुग्णांपैकी ६० टक्के जणांचा आजार पाच वर्षांनंतरही वाढला नव्हता, असे २०२४ साली जाहीर झाले. पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात असा आकडा पूर्वी कुणी ऐकलेला नव्हता.

आता मूळ प्रश्न. चालणारी गोळी चालेनाशी का होते?

टीबीचा विषय वर निघालाच आहे, तर तिथूनच समजून घेऊ. १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले तेव्हा टीबीचे रुग्ण काही आठवड्यांत सुधारू लागले आणि मग त्यातले बरेच पुन्हा खालावले. रुग्णाच्या शरीरात कोट्यवधी जंतू होते. त्यातल्या मूठभरांवर हे औषध मुळातच चालत नव्हते. औषधाने बाकीचे मारले आणि या मूठभरांना रान मोकळे मिळाले. एकाच वेळी अनेक औषधे द्यायची हा उपाय तेव्हापासूनचा. एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. आज टीबीच्या रुग्णाला पहिले दोन महिने चार औषधे एकत्र मिळतात ती याच हिशेबाने. गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाला दाद देणे बंद केले, तेव्हा विदर्भातल्या शेतकऱ्याने २०१७च्या हंगामात हीच गोष्ट वेगळ्या रूपात भोगली.

कर्करोगात बाहेरचा जंतू नसतो, पण हिशेब तोच. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. विभाजन होताना चुका होत राहतात आणि पेशींचे निरनिराळे वाण तयार होतात. गोळी सुरू झाली की ज्या पेशींवर ती चालते त्या मरतात आणि स्कॅनवर गाठ आक्रसलेली दिसते. घरात पेढे वाटले जातात. त्या वेळी काही पेशी दडून बसलेल्या असतात. कुठे आधीपासूनच गोळीला न जुमानणारा वाण असतो, तर कुठे औषधाच्या दडपणाखाली नवा तयार होतो. तो वाढत वाढत स्कॅनवर दिसण्याइतका झाला, की आपण म्हणतो आजार उलटला.

हा वाण नेमके काय करतो, हेही आता माहीत आहे. गेफिटिनिबसारख्या गोळ्यांवर आजार उलटलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांहून अधिकांत ईजीएफआर प्रथिनाच्या ७९०व्या जागी एक कडी बदललेली सापडते. हे २००५ साली उघडकीस आले. या बदलाला ‘टी७९०एम’ म्हणतात. त्यामुळे खाचेची ऊर्जेच्या रेणूवरची पकड इतकी घट्ट होते की गेफिटिनिबला आत शिरायला जागाच उरत नाही. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच खाचेजवळच्या ७९७व्या कडीला कायमचे चिकटून बसणारी नवी गोळी घडवली, ओसिमर्टिनिब. तिला अमेरिकेत २०१५ साली परवानगी मिळाली. ती टी७९०एमलाही पुरून उरते आणि मेंदूत गेफिटिनिबपेक्षा चांगली पोचते. फुप्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरण्याची खोड पाहता ही मोठीच गोष्ट. पुढे ती सुरुवातीपासूनच द्यावी असे ठरले, कारण पहिली गोळी म्हणून दिल्यावर आजार सरासरी १८.९ महिने आटोक्यात राहिला, जुन्या गोळ्यांवर १०.२ महिने.

मग? मग काही रुग्णांत ७९७वी कडीच बदलली. चिकटायची जागाच गेली. काही गाठींनी ईजीएफआरचा रस्ता सोडून ‘मेट’ नावाच्या शेजारच्या प्रथिनाची वाट धरली. थोड्या रुग्णांत तर पेशींनी सगळे रूपच पालटले आणि ॲडिनोकार्सिनोमाचा स्मॉल सेल हा वेगळाच, वेगाने वाढणारा कर्करोग झाला. त्याला ईजीएफआरची गोळी लागू पडतच नाही, वेगळी केमो लागते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

परळचा प्रयोग

सांताक्रूझहून चर्चगेटची गाडी धरून प्रभादेवीला उतरले आणि पादचारी पूल ओलांडला, की परळ. तिथून टाटा स्मारक चालत जाण्याच्या अंतरावर. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाच्या बाहेर देशभरातून आलेली कुटुंबे पदपथावर दिवस काढताना दिसतात. त्यांच्यापुढचा प्रश्न पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा वेगळा होता. ओसिमर्टिनिब आले होते खरे, पण बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. गेफिटिनिब मात्र देशी कंपन्या बनवत होत्या आणि ती परवडत होती. पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधेही तशीच. मग हाताशी असलेल्या स्वस्त औषधांतूनच प्रतिकार लांबवता येईल का?

डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०१६ ते ऑगस्ट २०१८ या काळात ईजीएफआरचा बदल असलेल्या ३५० रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला नेहमीप्रमाणे फक्त गेफिटिनिब. दुसऱ्याला गेफिटिनिब आणि त्यासोबत पहिल्या दिवसापासून केमो. तोवरची रीत अशी होती की गोळी चालते तोवर गोळी द्यायची आणि ती थकली की केमो काढायची. या गटाने दोन्ही शस्त्रे एकदमच बाहेर काढली. टीबीतला तोच विचार.

निकाल २०१९ साली शिकागोतल्या अमेरिकन कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत मांडला गेला आणि नंतर ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त छापून आला. नुसत्या गोळीवर आजार सरासरी ८ महिने आटोक्यात होता. गोळी आणि केमो एकत्र घेणाऱ्यांत १६ महिने. नुसत्या गोळीच्या गटातले निम्मे रुग्ण १७ महिन्यांपर्यंत दगावले होते. दुसऱ्या गटात अभ्यास छापला जाईपर्यंत निम्मे रुग्ण दगावण्याची वेळच आलेली नव्हती. यात आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पाश्चात्त्य चाचण्यांत बहुधा धडधाकट रुग्ण निवडले जातात. इथे २१ टक्के रुग्ण दिवसाचा बराच वेळ विश्रांती घ्यावी लागेल इतके अशक्त होते आणि १८ टक्क्यांचा आजार मेंदूत पोचलेला होता. म्हणजे जसे रुग्ण परळच्या ओपीडीत खरोखर येतात, तसेच.

किंमत चुकवावी लागलीच. गंभीर दुष्परिणाम नुसत्या गोळीवर २५ टक्के रुग्णांना झाले, एकत्र उपचारांवर ५१ टक्क्यांना. रक्तातल्या पेशी घटतात, थकवा येतो, दर तीन आठवड्यांनी सलाइनसाठी रुग्णालयात यावे लागते आणि घरातल्या कुणाची तरी त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे ऐंशी वर्षांच्या, मूत्रपिंडे थकलेल्या आजींना हा मार्ग सुचवताना डॉक्टर दहादा विचार करतील, आणि त्यांनी तो करावाच.

जपानमध्येही त्याच सुमारास अशीच चाचणी झाली आणि एकत्र उपचारांनी आजार जास्त काळ आटोक्यात राहतो असेच दिसले. तरीही श्रीमंत देशांत बरीच वर्षे सूर असा होता की आमच्याकडे ओसिमर्टिनिब आहे, केमोची भर कशाला? २०२३ साली ओसिमर्टिनिबसोबत केमो देऊन पाहिलेल्या ‘फ्लॉरा-२’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे आकडे आले. नुसत्या गोळीवर १६.७ महिने, सोबत केमो दिल्यावर २५.५ महिने. २०२५ साली आयुर्मानाचेही आकडे आले: ३७.६ महिन्यांऐवजी ४७.५. गोळी बदलली, तर्क तोच राहिला. परळने हा तर्क स्वस्त औषधांवर आधीच तपासून पाहिला होता, याची दखल मराठी वाचकांपर्यंत फारशी आली नाही असे मला वाटते.

औषध पोचतच नसेल तर

प्रतिकार असल्यासारखे दिसणारे, पण प्रतिकार नसलेले एक प्रकरणही असते आणि ते मुंबईत विशेष लागू आहे. टीबीच्या औषधांतले रिफाम्पिसिन यकृताला इतर औषधे झपाट्याने मोडून टाकायला लावते. ते चालू असेल तर गेफिटिनिबचे शरीरातले प्रमाण ८३ टक्क्यांनी घटते. ओसिमर्टिनिबचेही मोठ्या प्रमाणावर घटते. रुग्ण इमानेइतबारे रोज गोळी घेत असतो आणि रक्तात ती नावापुरतीच असते. ज्या शहरात फुप्फुसाच्या कर्करोगाचे कित्येक रुग्ण आधी टीबीच्या औषधांवरून आलेले असतात, आणि काहींना खरोखर दोन्ही आजार असतात, तिथे हे विचारलेच पाहिजे. कुणी टीबीचे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्हीकडचे कागद दाखवावेत.

ॲसिडिटीच्या गोळीचेही असेच. गेफिटिनिब विरघळायला पोटात आम्लता लागते. सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल घेण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती औषधांच्या यादीत कुणी सांगतही नाही, कारण ते ‘औषध’ वाटतच नाही. ओसिमर्टिनिबला याचा त्रास होत नाही. शिवाय अंगावर पुरळ, जुलाब यांना कंटाळून काही जण दिवसाआड गोळी घेऊ लागतात आणि डॉक्टरांना सांगायला संकोचतात. पुरळावर मलम आहे, जुलाबावर गोळी आहे. गरज पडली तर डॉक्टर मात्रा कमी करतात. पण आधी त्यांना कळायला तर हवे.

आणि खरोखरच आजार उलटला असेल तर? पहिली गोष्ट, घाईने गोळी फेकून देऊ नये. कधी कधी इतर सगळे शांत असते आणि एकच गाठ वाढते. तिथे नेमके रेडिएशन देऊन तीच गोळी पुढे चालू ठेवता येते. दुसरी गोष्ट, पुन्हा तपासणी. रक्तात गाठीचे डीएनए अंशरूपाने फिरत असते. ते शोधणारी तपासणी, जिला लिक्विड बायोप्सी म्हणतात, सुई न टोचता नवा बदल दाखवू शकते. ती बदल आहे म्हणाली तर त्यावर विसंबून पुढे जाता येते. नाही म्हणाली तर मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण सगळ्याच गाठी रक्तात पुरेसे डीएनए सोडत नाहीत. शिवाय पेशींनी रूप पालटले आहे का, स्मॉल सेल झाला आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहूनच कळते. ‘पुन्हा सुई कशाला, झाले की एकदा’ असे रुग्णाला वाटणे स्वाभाविक आहे. मात्र पहिला तुकडा पहिल्या आजाराची माहिती देतो आणि आता समोर आहे तो त्या पेशींचा दुसरा वाण.

इम्युनोथेरपी: कुणाला, कधी

‘मग ते नवे इंजेक्शनच का देत नाही?’ हा प्रश्न हल्ली प्रत्येक ओपीडीत विचारला जातो. व्हॉट्सॲपवर कुणा परदेशी नेत्याच्या किंवा नटाच्या कहाण्या फिरत असतात. इंजेक्शनामागचे विज्ञान खरेच मोठे आहे. आपल्या टी-पेशी शरीरात गस्त घालतात आणि परकी वाटणारी पेशी दिसली की मारतात. त्यांनी घरच्यांवर हात उचलू नये म्हणून त्यांना ब्रेकही असतो. असा एक ब्रेक, पीडी-१, जपानच्या क्योटो विद्यापीठातल्या तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली शोधला. कर्कपेशी स्वतःच्या अंगावर ‘पीडी-एल१’ हे प्रथिन उभे करून तोच ब्रेक दाबतात आणि गस्तीतून सुटतात. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब ही इंजेक्शने ब्रेकवरचा हा पाय बाजूला करतात. होन्जो आणि अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना त्यासाठी २०१८चे नोबेल मिळाले.

ज्यांच्या गाठीत पीडी-एल१ भरपूर आहे, म्हणजे निम्म्या किंवा त्याहून अधिक पेशींवर आहे, अशा पसरलेल्या आजाराच्या रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅबपासून सुरुवात केली तेव्हा पाच वर्षांनी सुमारे ३२ टक्के रुग्ण हयात होते. केमोपासून सुरुवात केलेल्यांत सुमारे १६ टक्के. काहींचा आजार इंजेक्शन थांबवल्यावरही डोके वर काढत नाही, कारण टी-पेशींना एकदा ओळख पटलेली असते. गोळ्यांकडे हे बळ नाही.

परंतु या चाचणीत ईजीएफआर आणि अल्कचे रुग्ण घेतलेलेच नव्हते. त्यांना हे इंजेक्शन एकट्याने फारसे लागू पडत नाही, असा आजवरचा अनुभव आहे. कारण विचित्र वाटेल असे आहे. सिगारेटच्या धुराने झालेल्या कर्करोगात जनुकीय चुका शेकड्यांनी असतात, त्यामुळे पेशी टी-पेशींना परक्या दिसतात. कधीच धूम्रपान न केलेल्या ईजीएफआर रुग्णाच्या गाठीत चुका थोड्या, म्हणून ती घरचीच वाटते. (यावरून कुणी सिगारेटची बाजू घेऊ नये. मुळात कर्करोग देणारी तीच आहे.)

इथे एक धोका आहे आणि तो निदान झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतला आहे. जनुकीय तपासणीचा रिपोर्ट यायला वेळ लागतो. घरचे कासावीस होतात. पीडी-एल१चा रिपोर्ट लवकर हाती येतो आणि त्यावर इंजेक्शन सुरू करण्याचा आग्रह होतो. नंतर कळते की ईजीएफआरचा बदल आहे, म्हणून ओसिमर्टिनिब दिले जाते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने २०१९ साली अशा रुग्णांच्या नोंदी तपासल्या. आधी इंजेक्शन आणि नंतर ओसिमर्टिनिब घेतलेल्या ४१ जणांपैकी ६ जणांना फुप्फुसाचा दाह, आतड्याची सूज असे गंभीर त्रास झाले. तीन महिन्यांच्या आत गोळी सुरू झालेल्या २१ जणांत ५. उलट क्रमाने, म्हणजे आधी ओसिमर्टिनिब आणि मग इंजेक्शन घेतलेल्या २९ जणांत एकालाही नाही. संख्या लहान आहे, तरी जगभरच्या डॉक्टरांनी ती गांभीर्याने घेतली, कारण इंजेक्शनाचा परिणाम शरीरात काही महिने रेंगाळतो आणि तो परत काढून घेता येत नाही. रुग्णाची दमछाक इतकी असेल की थांबणे शक्यच नाही, तर पहिली फेरी नुसत्या केमोची देऊन रिपोर्टची वाट पाहता येते.

इम्युनोथेरपीलाही प्रतिकार होतोच. टी-पेशी ज्यावरून परकी पेशी ओळखतात, ते ओळखपत्रच काही कर्कपेशी अंगावरून काढून टाकतात. काही गाठी टी-पेशींना आतच शिरू देत नाहीत. गोळीच्या बाबतीत प्रतिकाराचे कारण अनेकदा रिपोर्टवर वाचता येते आणि त्यावर पुढची गोळी शोधता येते. इंजेक्शनाच्या बाबतीत ते बहुतेक वेळा वाचता येत नाही. आजार उलटला की अजूनही बहुधा केमोकडेच वळावे लागते. जाहिरातींत हे दिसत नाही.

पैशाचे बोलायलाच हवे. या इंजेक्शनाच्या पूर्ण मात्रेचा वर्षभराचा खर्च मध्यमवर्गीय घराचीही बचत धुऊन नेतो. टाटा स्मारकने इथेही वेगळा प्रश्न विचारला: मात्राच कमी केली तर? पसरलेल्या किंवा उलटलेल्या डोके-मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांतील एका गटाला नेहमीची तोंडाने घेण्याची औषधे दिली आणि दुसऱ्याला त्यासोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. वर्षअखेर पहिल्या गटातले १६.३ टक्के हयात होते, दुसऱ्यातले ४३.४ टक्के. हा निकाल डोके-मानेच्या कर्करोगाचा आहे. तो जसाच्या तसा फुप्फुसाला लावता येत नाही आणि ईजीएफआरच्या रुग्णाला तर मुळीच नाही. पण परवडत नाही म्हणून काहीच नाही आणि परवडते म्हणून पूर्ण मात्रा, यांच्यामध्ये वाट असू शकते हे त्याने दाखवले. सरकारी पातळीवर जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिबसह तीन कर्करोग-औषधांवरील सीमाशुल्क काढले गेले आणि त्यानंतर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मदत झाली, पण महिन्याचे बिल अजूनही पुष्कळांच्या पगारापेक्षा मोठे आहे. कोणत्या योजनेत किंवा कंपनीच्या सवलतीत काय बसते याची ताजी माहिती रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे असते. पैसे संपल्यावर नव्हे, पहिल्याच आठवड्यात त्यांना भेटावे.

रिपोर्टमध्ये काय वाचायचे? नुसते ‘ईजीएफआर पॉझिटिव्ह’ पुरेसे नाही. बदल कुठला, हेही लिहिलेले असते. ‘एक्झॉन १९ डिलीशन’ किंवा ‘एल८५८आर’ असेल तर नेहमीच्या गोळ्या चालतात, आणि बहुतेकांत या दोहोंपैकीच एक असतो. ‘एक्झॉन २० इन्सर्शन’ लिहिले असेल तर त्या गोळ्या सहसा चालत नाहीत, उपचार वेगळा लागतो. नाव एकच असले तरी फरक इतका मोठा आहे. अल्क आणि इतर जनुके एकाच तपासणीत पाहिली का, हेही विचारावे. तुकडा इवलासा असतो आणि एकेक तपासणी करत गेल्यास तो संपून जातो.

बायोप्सीचा तुकडा लॅबमध्ये मेणात बसवून ठेवलेला असतो. त्याला सगळे ‘ब्लॉक’च म्हणतात. सांताक्रूझ किंवा अंधेरीच्या लॅबमध्ये बायोप्सी झाली आणि पुढचे उपचार परळला घ्यायचे ठरले, तर रिपोर्टसोबत ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्याव्या लागतात. लॅब सही घेऊन देते. उन्हात, गरम गाडीत ठेवू नये, मेण वितळते. डबीवर नाव आणि क्रमांक रिपोर्टप्रमाणेच आहे ना, हे काउंटर सोडण्यापूर्वी तपासावे, आणि तपासणी झाल्यावर उरलेला ब्लॉक परत मागून घरी कोरड्या, थंड जागी ठेवावा.